जुनी कूपे, पहिला ट्रॅक डे आणि ब्रेक ऑइलची नवी बाटली

[रात्र. गॅरेज. स्टँडवर चढवलेली दोन दारांची जुनी कूपे, चारही चाकं काढलेली.]

एक जण ड्रायव्हरच्या सीटवर, दुसरा मागच्या चाकाच्या जागेत वाकलेला. खालून आवाज येतो, "दाब." पेडल सावकाश खाली जातं. "धरून ठेव." पाना पाव फेरा फिरतो. ब्लीडर निपलला, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला, लावलेल्या पारदर्शक नळीतून गढूळ तपकिरी ब्रेक ऑइल सरकतं आणि त्यात दोन-तीन बुडबुडे दिसतात. निपल पुन्हा घट्ट होतं. मग आवाज येतो, "सोड."

हा क्रम चुकवायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला, तर हवा उलटी कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, ओढली जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वरच्या डबीतलं ऑइलही तळाला जाऊ द्यायचं नाही. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणारा भाग) सर्वांत लांबचं चाक आधी घेतात, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला क्रमच धरायचा.

दोन दिवसांनी ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा रेसट्रॅकवर उतरणार आहे. एक्झॉस्ट, एअर फिल्टर, रुंद चाकं असलं काहीही तिला लावलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवशी, जुनी गाडी ताकद कमी पडली म्हणून घरी परत जात नाही. उष्णता झेपली नाही म्हणून जाते.

[ट्रॅकचा सरळ पट्टा. कूपे वेगात येते, वळणाआधी ब्रेकचे दिवे लागतात.]

हिशेब करून पाहू. ड्रायव्हरसकट १३०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर आणायची, तर ब्रेकना सुमारे १२ लाख जूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात गिळावी लागते. तेवढ्या उष्णतेत ३० अंशांचं चार लिटर पाणी उकळायला लागेल. रस्त्यावर ६० च्या वेगातून पूर्ण थांबताना हाच आकडा १ लाख ८० हजारांच्या आसपास असतो. म्हणजे ट्रॅकवरचं एक मोठं ब्रेकिंग हे शहरातल्या जवळजवळ सात सिग्नलांएवढं. एका फेरीत अशी तीन-चार ब्रेकिंग येतात आणि पुढची फेरी लगेच सुरू होते. डिस्कला गार व्हायला उसंत मिळत नाही.

नाव ब्रेक ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. इंजिन ऑइल चुकून त्यात पडलं, तर आतली रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांची ऑइलं ग्लायकॉलच्या जातीची असतात आणि हवेतला ओलावा शोषत राहतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की किमान मर्यादा १५५ वर येते. गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवली असली तरी पाणी मुरतच राहतं. कमी चालली आहे म्हणून ऑइल चांगलं असेल, असं धरून चालू नका. पूर्ण बदलायला साधारण एक लिटर लागतं. सीलबंद बाटलीच घ्यायची, मागच्या वर्षी उघडलेली वापरायची नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. डॉट ५.१ शी नाव जुळतं म्हणून ते या बाकीच्यांत मिसळायचं नाही.

उष्णतेनं ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि दोन्ही पायाला वेगवेगळे कळतात.

पहिल्या तऱ्हेत पेडल मऊ लागतं आणि खोल जातं. कॅलिपरमधलं ऑइल उकळून वाफ झालेली असते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी पेडल भराभर दोन-तीनदा दाबलं तर थोडे ब्रेक परत मिळू शकतात, पण सत्र तिथंच संपवायचं. गार झाल्यावर पेडल पुन्हा ठीक वाटेल, त्यावर विश्वास ठेवू नका. हवा काढून ताजं ऑइल भरल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर जायचं नाही.

दुसऱ्या तऱ्हेत पेडल दगडासारखं घट्ट असतं, पाय जोरात रोवलेला असतो, तरी गाडी थांबायला तयार नसते. इथे ऑइल ठीक आहे, पॅडचं मटेरियल त्याच्या झेपेपलीकडे तापलं आहे. जळका वास येतो. यावर उपाय म्हणजे जास्त तापमान सोसणारे पॅड. मात्र थेट रेसिंगचे पॅड पहिल्याच दिवशी घालू नयेत. ते गार असताना नीट पकडत नाहीत आणि गाडी चालवत ट्रॅकपर्यंत जायचं असतं. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे पॅड घ्या, निघताना ते निम्म्याहून जास्त शिल्लक असू द्या. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून बघा. पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या बारीक रेषा चालतात. भेग कडेपर्यंत गेली असेल, तर डिस्क बदलायची.

[बॉनेट उघडं. हात एकेक होज दाबून बघतो.]

आता इंजिन. रेडिएटरचे होज गार असताना दाबून पाहायचे. कडक होऊन करकरणारा होज आणि क्लॅम्पजवळ फुगून लिबलिबीत झालेला होज, दोन्ही काढून टाकायचे. रेडिएटरची टोपी दाब धरून ठेवते, म्हणून कूलंट शंभर अंशांना उकळत नाही. टोपीचं रबर चिरलं असेल, तर ही लहानशी वस्तू सगळा दिवस घालवते.

इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला असावं. रस्त्यावर खुणांच्या मधोमध असलेलं चालून जातं. लांब वळणात मात्र ऑइल इंजिनच्या तळाच्या टाकीच्या, म्हणजे संपच्या, एका बाजूला चढतं, पंपाची शोषनळी उघडी पडते आणि बेअरिंग कोरडी फिरतात. ऑइल खुणेच्या वर भरणंही चूकच. क्रँकशाफ्ट त्यात घुसळत राहतो आणि ऑइलमध्ये फेस धरतो.

प्रत्येक मॉडेलची दुखणी ठरलेली असतात, ती आधी शोधून काढा. पोर्श ९४४ मध्ये टायमिंग बेल्ट तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. याच गाडीचं दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग लांब वळणांत ऑइलवाचून जाण्यासाठी ओळखलं जातं. बीएमडब्ल्यू ई३६ (नव्वदच्या दशकातली ३ सिरीज) चा रेडिएटर आणि त्याचं प्लॅस्टिकचं नळकांडं वयानं ठिसूळ होतं. बेल्ट कधी बदलला याची नोंद सापडत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजून कामाला लागावं.

[चाक हवेत. दोन हात, एक वर, एक खाली.]

चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावरच खेळ आला, तर संशय स्टिअरिंगच्या टाय रॉडवर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ०८१९ म्हणजे २०१९ सालचा आठवा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर दहा वर्षांचा आहे, असं जुन्या कूपेंच्या बाबतीत नेहमी दिसतं. तो टायर ट्रॅकवर न्यायचा नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) आवळायचे, आकडा मॅन्युअलमधला. पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाली, की पुन्हा तपासायचे.

गाडी पूर्ण रिकामी करायची. जॅक, स्टेपनी, पायपुसण्या, सीटखालची पाण्याची बाटली, सगळं बाहेर. जोराच्या ब्रेकिंगमध्ये बाटली घरंगळत पेडलखाली येते. बॅटरीचा पट्टा हातानं हलवून बघा. टोइंग हूक आधीच बसवून ठेवा. हेल्मेट स्नेल एसए दर्जाचं असलेलं बरं, त्यात आगीपासूनच्या संरक्षणाची चाचणी असते. विम्याचे कागद वाचा, रस्त्यासाठीचा विमा ट्रॅकवर बहुधा लागू होत नाही.

[सकाळ. पिट लेन. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बाजूची भिंत मिळतात तिथे, खडूनं ओढलेली आडवी पांढरी रेघ.]

ही रेघ हवेचा अंदाज देते. फेऱ्यांनंतर खडू खांद्याच्या कडेपर्यंत पुसला गेला असेल तर ठीक. बाजूच्या भिंतीवरही पुसला गेला असेल, तर टायर लोळतो आहे, हवा कमी आहे. तापल्यावर दाब ५ ते ६ पीएसआय किंवा त्याहूनही वाढतो, म्हणून पिटमध्ये येताच टायर गरम असतानाच मोजून जास्तीची हवा सोडायची.

सकाळची ब्रीफिंग कान देऊन ऐका. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. लाल म्हणजे सत्र थांबलं. काळा म्हणजे पिटमध्ये या. झेंडे दाखवणारे मार्शल कुठे उभे असतात ते पहिल्या सावकाश फेरीतच बघून ठेवा.

सीट नेहमीपेक्षा एक-दोन खाचा पुढे हवी. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेकिंग सरळ रेषेत पुरं करा, मग वळा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसलेल्या कूपेत सगळ्यात महाग पडणारी चूक एकच. वळणाच्या मध्यात वेग जास्त वाटतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचलला जातो. वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांवरचा भार हलका होतो आणि गाडी शेपटीकडून फिरते. म्हणून वळणात वेग जास्त वाटला तर पाय हळूहळू सैल करायचा, आणि पुढच्या फेरीत ब्रेक थोडा आधी लावायचा.

पहिलं सत्र वीस मिनिटांचं असलं तरी जुन्या गाडीला पाच-सहा फेऱ्या पुरेत. तापमानाचा काटा चढू लागला, तर वेग उतरवा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण जोरात. केबिनमधला तो छोटा रेडिएटर इंजिनची थोडी उष्णता घेतो. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, वरच्या गिअरमध्ये.

[कूपे पिटमध्ये थांबते. डिस्कवरून तापलेली हवा थरथरताना दिसते.]

इथे हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून राहिला, की त्याचं मटेरियल तिथे चिकटतं आणि पुढे ब्रेक लावताना पेडल धडधडतं. गाडी गिअरमध्ये, चाकाखाली लाकडाचा ठोकळा. बॉनेट उघडं. ऑइल बघा, गळती बघा, पॅडची जाडी बघा.

संध्याकाळी निघण्याआधी नट पुन्हा आवळा. पेडल दाबून बघा. टायर गार झाले, की गेज लावा. दुपारी सोडलेल्या हवेमुळे दाब रस्त्याच्या आकड्याच्या बराच खाली गेलेला असेल. पंप डिक्कीतून बाहेर काढलेल्या सामानातच आहे. चारही चाकांत हवा भरा, मग बॉनेट बंद करा.