पत्रीचा खिळा

(दृश्य: पहाट. उसाची बैलगाडी. बैलाचा खूर अगदी जवळून.)

फलटण–बारामती रस्ता. गळीत हंगाम ऐन भरात आहे. उसाच्या गाड्या रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. डांबरावर चालून बैलाचे खूर झिजतात, म्हणून त्यांना लोखंडी पत्री मारलेली असते. पत्री बसते खिळ्यांवर. चालून चालून एखादा खिळा ढिला होतो आणि रस्त्यात पडतो.

आडवा पडलेला खिळा सहसा काही करत नाही. पण मोटरसायकलचं पुढचं चाक त्याच्यावरून गेलं की तो उडतो, उभा होतो आणि मागच्या चाकात घुसतो. दुकानात येणाऱ्या गाड्या बघा. पंक्चर बहुतेक वेळा मागच्याच चाकात असतं.

(दृश्य: पंक्चरचं दुकान. कॉम्प्रेसर सुरू होतो. पाण्याचं घमेलं.)

हे दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्यानं भरलेलं एक घमेलं. दुकानदाराला रस्त्यावरचे सगळे मामा म्हणतात. आम्ही इथे दोन दिवस कॅमेरा लावून बसलो. पंक्चर कसं काढतात ते आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला बघायचं होतं ते वेगळंच. टायर ठेवायचा की टाकायचा, हे मामा कशावरून ठरवतात?

(दृश्य: कॉलेजचा मुलगा गाडी ढकलत येतो.)

पहिली गाडी सकाळी आठला. ट्यूबलेस टायर, नक्षी अजून चांगली. मागच्या चाकात मधोमध खिळ्याचं डोकं चमकतंय. मामांचा पहिला प्रश्न:

"खिळा उपटला नाहीस ना?"

"नाही मामा."

"बरं केलंस."

ट्यूबलेस टायरच्या आतून रबराचा एक पातळ, हवा न सोडणारा थर असतो. खिळा आत गेला की हे रबर त्याला चहूबाजूंनी आवळून धरतं आणि हवा हळूहळू जाते. रस्त्यात खिळा उपटला तर मात्र भोक मोकळं होतं आणि चाक जागेवर बसतं. या मुलानं खिळा तसाच ठेवला, जवळच्या पंपावर हवा भरली आणि सावकाश इथवर आला.

"मामा, बाहेरून दोरी घाला ना. पाच मिनिटांत होईल. लेक्चर आहे."

"घालतो की. पण आत काय झालंय ते तुला दिसतंय का?"

आम्हाला जे सांगायचं होतं, ते मामांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

बाहेरून दोरी, म्हणजे डांबरासारखा चिकट धागा. आधी कानशीसारखी सळई भोकात फिरवून भोक मोठं करायचं, मग सुईत धागा ओवून आत दाबायचा आणि बाहेर उरलेलं टोक कापून टाकायचं. टायर रिमवरून उतरवावाच लागत नाही. रात्री घाटात अडकलेल्या माणसाला हीच दोरी घरी पोहोचवते, तिची किंमत आम्ही कमी करत नाही. पण तिच्या भरवशावर वर्षभर गाडी चालवणारे आपल्यात खूप आहेत. दोरी घालताना टायरच्या पोटात कुणी डोकावलेलंच नसतं.

(दृश्य: टायर रिमवरून उतरतो. मामांचा हात टायरच्या आत फिरतोय. इथे निवेदन थांबवा, हात दिसू द्या.)

मामा आधी बोटांनी बघतात. आतल्या बाजूनं, कडेनं, पूर्ण गोल. मग उन्हाकडे धरून डोळ्यांनी. आत काळी भुकटी सापडली तर समजायचं, हा टायर हवा नसताना चालवलाय. बाजूचं रबर दुमडून स्वतःवरच घासलं गेलंय, आतले नायलॉनचे धागे तापून कमजोर झालेत. हे बाहेरून कधीच दिसत नाही.

या टायरमध्ये भुकटी नाही. भोक लहान, मधोमध आणि सरळ. टायर कंपन्या साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक, तेही रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यातलं, दुरुस्तीला योग्य मानतात. पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडं कमी म्हणा. खांद्याशी, म्हणजे नक्षी संपते त्या कडेशी, किंवा बाजूला गेलेलं भोक कितीही बारीक असलं तरी चालत नाही. चाक फिरताना तो भाग सतत वाकतो आणि तिथे लावलेला कुठलाही जोड उचकटतो.

(दृश्य: मशरूम पॅच, अगदी जवळून.)

हा मशरूम. छत्रीसारखं डोकं आणि खाली रबराची दांडी. आतला थर घासून खडबडीत करायचा, भुकटी पुसून घ्यायची, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. घाई इथेच नडते. सोल्यूशन ओलं असताना पॅच लावला तर तो धरत नाही. मामा बोटाची मागची बाजू टेकवून बघतात. चिकटतंय पण बोटाला लागत नाही, असं झालं की दांडी आतून भोकात घालून बाहेरून पकडीनं ओढायची. दांडी भोक भरते, छत्री आतून झाकण घालते. वरून दातेरी रोलर फिरवायचा, मधून कडेकडे, म्हणजे खाली हवा अडकत नाही. उरलेली दांडी कापली की बाहेरून फक्त एक काळा ठिपका दिसतो.

मग कॉम्प्रेसरची हवा. टायरची कड रिमवर बसताना दोनदा 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय मामा नळी काढत नाहीत. साबणाचं पाणी, बुडबुडा नाही. पहिला दिवसभर ८० च्या आत चालव, मामा बजावतात. काही गाड्यांच्या पुस्तिकेतही पहिल्या २४ तासांसाठी हेच लिहिलेलं असतं. मुलगा कॉलेजला गेला.

(दृश्य: भिंतीवर टांगलेलं जुनं स्कूटरचं चाक.)

दुकानाच्या भिंतीवर हे एक चाक टांगलेलं आहे. मामांच्या वडिलांच्या स्कूटरची स्टेपनी. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज चेतक बाहेर पडली. घराघरांतल्या त्या स्कूटरला एक जादा चाक असायचं. पुढचं, मागचं, दोन्हीकडे तेच चालायचं.

स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला केलाय की त्याचं गाव विसरून गेलोय. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. रस्त्याचं नाव चाकाला लागलं. हवेचा टायर तेव्हा तसा नवाच होता. रॉबर्ट थॉमसननं १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपनं, पेशानं जनावरांच्या डॉक्टरनं, मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा करून दाखवला.

आम्ही या चाकापाशी इतका वेळ थांबलो, त्याला कारण आहे. स्टेपनी होती तेव्हा पंक्चर झालं की चाक बदलायचं आणि घरी जायचं. पंक्चर काढायचं की टायर बदलायचा, हे दुसऱ्या दिवशी, दुकानात, निवांत ठरायचं. मोटरसायकलला स्टेपनी नाही. निर्णय रस्त्याच्या कडेला होतो, उन्हात, घड्याळाकडे बघत. मग पाच मिनिटांची दोरी जिंकते.

(दृश्य: दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले काका आले. तारांच्या चाकाची गाडी, ट्यूबचा टायर. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. दूध डेअरीत वेळेवर घालायचं म्हणून हवा गेल्यावरही गाडी तशीच पुढे रेटली.

ट्यूब घमेल्यात बुडवली. बुडबुड्यांची एकच रेघ. ट्यूबचं भोक म्हणजे दहा मिनिटांचं काम: घासायचं, सोल्यूशन, ठिगळ. काका खिशातून पैसे काढायलाही लागले. पण मामांचा हात टायरच्या आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा बोटं काळी होती.

(दृश्य: काळी बोटं. मग टायरच्या बाजूवरचे आकडे.)

हे चार आकडे बघा. १४१९. म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा, टायर बनला तो. नक्षीच्या खोबणीत रबराचे हे छोटे उंचवटे, टायर किती झिजला ते दाखवणारे. दुचाकीसाठी आपल्या नियमात नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते. इथे नक्षी उंचवट्यांना टेकून गेली आहे. खांद्याशी बारीक भेगा. आणि एका जागी, जुन्या कापावर, कुणीतरी आतून गेटर, म्हणजे टायरच्या तुकड्याचं ठिगळ, टाकलेलं.

"काका, ट्यूब मी जोडून देतो. पण टायर नको आता."

"पगार व्हायचाय अजून."

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. नवा टायर म्हणजे दोन-अडीच हजार, पंक्चर शंभर रुपयांच्या आतलं. मामांनी हिशोब मांडला, तो आम्ही आहे तसा दाखवतोय. या टायरवर महिन्यात चार पंक्चर काढली. दर वेळी दूध उशिरा. त्यात ऐंशी लिटरचं ओझं, आणि हा टायर वळणावर गेला तर?

मामांनी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. ट्यूब जोडली आणि काकांना सांगितलं, कॅन एकाच खेपेत नेऊ नका, हळू जा. चार दिवसांनी टायर बदलला.

(दृश्य: नवा टायर. त्यावरचे रबराचे बारीक केस.)

नव्या टायरवर रबराचे हे बारीक केस असतात, साच्यातून निघाल्याची खूण. पहिले काही दिवस वळणावर गाडी जास्त झुकवू नका, नवं रबर गुळगुळीत असतं. टायर नवा तर ट्यूबही नवी, यावर मामा कुणाचं काही ऐकून घेत नाहीत. टायरवरच्या बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेशी जुळवायची. हवा पुस्तिकेत लिहिलेली असेल तेवढी, मागे बसणारा माणूस किंवा ओझं धरून.

(दृश्य: पत्र्याचा डबा. मामा खिळा त्यात टाकतात.)

दुकानात पत्र्याचा एक डबा आहे. चाकांतून निघालेलं सगळं त्यात जमतं. बोल्ट, तारेचे तुकडे, मोळे, आणि हंगामात पत्रीचे खिळे. मुलाच्या चाकातला खिळाही त्यातच गेला.

बाहेर उसाची गाडी थांबली आहे. गाडीवान बैलाचा पाय उचलून पत्री बघतोय, एक खिळा कमी आहे. मामा डबा घेऊन बाहेर जातात.