रान उघडं पडतं तेव्हा : खानदेशातला वसंत

(दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. मोकळं शेत, बांधावर फुललेला पळस. लांबून गुरांच्या घंटा.)

फाल्गुन लागला की खानदेशातलं रान उघडं पडतं. हरभरा निघालेला, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी खळ्यावर आलेली, बांधावरचं गवत वाळून करडं झालेलं. रानफुलं बघायची तर पावसाळ्यात, तीही कासच्या पठारावर, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण आपल्याकडचा मोठा फुलोरा याच कोरड्या दिवसांत येतो आणि त्यासाठी आधी मान वर करावी लागते. पळस, पांगारा, काटेसावर आणि सातपुड्याच्या खडकाळ उतारावर पिवळीधमक सोनसावर. ही झाडं पानं टाकतात आणि मग फुलतात. पानांचा आडोसा नसला की फूल लांबून दिसतं. पाखरांनाही आणि कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यालाही.

पाटणादेवी, लळिंग, उनपदेव, पाल, तोरणमाळ... जायला जागा पुष्कळ आहेत. तरी सुरुवात गावच्या शिवारातून करा, असं मी आग्रहानं सांगेन. बांधावरचा एक पळस निवडा आणि त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जा. कळ्यांचे काळपट घोस, मग पहिली चार-दोन फुलं, मग अख्खं झाड, मग खाली पडलेला सडा. एकदाच गाडी थांबवून काढलेल्या फोटोत हे येत नाही.

(दृश्य : पळसाचं एकच फूल, अगदी जवळून.)

आता जवळ या. देठाशी काळसर तपकिरी, मखमली वाटी. तिच्यातून निघालेली केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. पाकळीच्या बाहेरच्या अंगाला बारीक रेशमी लव असते. ऊन तुमच्या पाठीमागून फुलावर पडत असेल तर ती दिसतच नाही. सूर्य फुलाच्या मागे ठेवा, म्हणजे प्रत्येक पाकळीला रुपेरी किनार येते. सकाळी लवकर जायचं ते यासाठीच.

पळसाचा रंग कॅमेऱ्याला पेलवत नाही, हे लक्षात ठेवा. केशरी-लाल रंग इतका भडक, की फोटोत पाकळीच्या शिरा, लव सगळं पुसलं जातं आणि नुसता लाल डाग उरतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं खाली आणायचं. मोबाईल असेल तर पाकळीवर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. वाटी जरा काळी पडेल, पडू द्या, पाकळी वाचते.

(दृश्य : पळसावर उतरलेला थवा. कलकलाट.)

या गुलाबी-काळ्या पळसमैना. कुणी भोरड्या म्हणतं. मध्य आशियाकडून हिवाळ्यात आलेले हे थवे परत निघण्याआधी पळसाच्या मधावर तुटून पडतात. कपाळाला पिवळे पराग लागलेली मैना टिपायची असेल तर झाडाखाली जाऊ नका. लांब, एका जागी बसून राहा.

बसलात की गुरं राखणारा एखादा बाबा येऊन विचारतोच, "कसाना फोटू काढी ऱ्हायना भाऊ?" त्याच्याशी बोला. कुठला पळस आधी फुलतो, पिवळ्या फुलांचा दुर्मिळ पळस कुठल्या शिवारात आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. फक्त त्या पिवळ्या पळसाची जागा कुठेही जाहीर करू नका. त्याच्या नावाने नाना समजुती आहेत आणि लोक मुळं, साल ओरबाडून नेतात.

(दृश्य : नदीचं कोरडं पात्र. जमिनीला टेकलेला कॅमेरा.)

आता मान खाली. गिरणेच्या, पांझरेच्या कोरड्या काठावर भुईरिंगणी पसरलेली असते. पानांवरसुद्धा सरळ, पिवळे काटे. फूल जांभळं, मधोमध पाच पिवळे परागकोश. या परागकोशांना फक्त टोकाशी बारीक छिद्र असतं, पराग सहजी बाहेर येत नाहीत. मग भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो.

(इथे निवेदन थांबतं. फक्त गुणगुण.)

ऐकलंत? उडतानाच्या गुणगुणीपेक्षा हा स्वर वरचा आहे. हे फोटोत येणार नाही, व्हिडिओच घ्यायला हवा. पोटावर झोपा, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा; ऊन कडक असेल तर छत्रीची सावली धरा.

मोहाला मात्र रात्र संपायच्या आत गाठायला हवं. धडगाव-अक्कलकुव्याकडे पहाटे टोपल्या घेऊन बायका-मुलं झाडाखाली असतात. खाली पडतं ते रसाळ, फिकट पिवळं फूल. त्याला मधोमध भोक असतं, कारण स्त्रीकेसर वर झाडावरच राहतो. हे भोक दिसेल असा एक फोटो घ्याच. वेचणाऱ्यांचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा. तो त्यांचा कामाचा वेळ असतो आणि वर्षभराची बेगमी त्यात असते.

यावल अभयारण्य १९६९ पासूनचं, गौताळा औट्रमघाट १९८६ पासूनचं. दोन्हीकडे वनखात्याच्या परवानगीनेच आत जायचं. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो. पाणी भरपूर घ्या, दहाच्या आत परता.

(दृश्य : पान, खोड, शेंग.)

प्रत्येक झाडाचे फुलाशिवाय आणखी फोटो घ्या : पान, खोडाची साल, फुलाची मागची बाजू, मिळाली तर शेंग. ओळख पटवायला हेच लागतं. सोबत तारीख आणि गावाचं नाव लिहा. पुढच्या वर्षी तोच पळस लवकर फुलला की उशिरा, ते त्यावरून कळेल. पळस झडत आला की बहाव्याच्या फांद्यांवर लक्ष ठेवा. एप्रिलमध्ये त्याचे पिवळे घोस लोंबायला लागतात.