त्याचा चुकारा त्याच्याच हातात

(वरुड तालुक्यातल्या एका गावात २१ मार्चला, जागतिक डाउन सिंड्रोम दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी सरपंचताईंनी माझी ओळख करून देताना म्हटलं की मॅडम बिचाऱ्या लेकरांसाठी काम करतात. ताईंचा भाव चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण आज मला या ‘बिचाऱ्या’ शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

सकाळी मी लवकर पोचले. तुम्ही आता ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या एक विशीतला पोरगा मांडत होता. बारीक डोळे, बुटका बांधा, चेहऱ्यावर ओळखीचं हसू. डाउन सिंड्रोम असलेली मुलं मी सव्वीस वर्षं शिकवते आहे, मला लांबूनच कळलं. चार-चार खुर्च्या तो नेत होता, रांग वाकडी झाली की परत येऊन सरळ करत होता. शेजारी उभ्या असलेल्या एका दादांना मी विचारलं, याला रोजी किती? ते म्हणाले, “त्याले कायची रोजी बापा? चहा पाजला का खूश रायते तो.” हे दादा वाईट नाहीत. त्यांनीच थोड्या वेळाने त्या पोराला सावलीत बसवून पाणी दिलं.

सुरुवातीची बरीच वर्षं माझी समजूत होती की लोक या मुलांना काम देत नाहीत, कारण यांना जमणार नाही असं त्यांना वाटतं. मग मी गावोगाव पालकांच्या घरी जायला लागले आणि वेगळंच दिसलं. गुरं पाण्यावर नेणं, कुटार भरणं, लग्नात पाणी वाढणं, पंगतीनंतर पत्रावळी उचलणं, हे सगळं ही मुलं करतच असतात. गाव त्यांच्याकडून काम घेतं, फक्त त्याला काम म्हणत नाही. काम म्हटलं की मजुरी द्यावी लागते.

थोडं आजाराबद्दल सांगते. मुळात हा आजार नाहीच. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या मुलांमध्ये एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं, दोनाऐवजी तीन. म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख. इंग्रज डॉक्टर लँग्डन डाउन यांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन केलं आणि त्यांचं नाव लागलं. जास्तीचं गुणसूत्र १९५९ मध्ये फ्रान्समध्ये सापडलं. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण कमी वयाच्या आयांनाही अशी मुलं होतात. गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, मागल्या जन्मी काय केलं, यातलं काहीच कारण नाही. बायांनो, सुनेला बोल लावणं तेवढं थांबवा.

कामाच्या दृष्टीने तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा. स्नायू सैल असतात, म्हणून हात हळू चालतो. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. तो तपासल्याशिवाय आपल्या मे महिन्याच्या उन्हात राबवायचं नाही. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. म्हणून डोक्यावर गाठोडं द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. गावात नेमकं उलट होतं. पोरगा धडधाकट दिसतो, सांगेल ते ऐकतो, तर पोती त्याच्याच डोक्यावर. आणि शिकवायचं कसं? कानाने ऐकलेलं यांच्या लक्षात कमी राहतं, डोळ्याने पाहिलेलं चांगलं राहतं. दहा सूचना सांगू नका. एकदा करून दाखवा, मग त्याच्या हातून करून घ्या, मग पुढची पायरी.

आपल्याकडची कितीतरी कामं यांना जुळणारी आहेत. कापसाची वेचणी किलोवर असते. हात हळू असला तरी जेवढा वेचला तेवढ्याचे पैसे, मालकाचं काही बुडत नाही. मग किलोचा हिशेब करायला अडचण कसली?

आमच्या कार्यशाळेतल्या एका मुलाला आकाराप्रमाणे संत्री वेगळी करणाऱ्या एका केंद्रावर ठेवलं. मालक म्हणाले, तीन दिवस पाहतो. बाकीचे मजूर नजरेने फळ वेगळं करत. याच्यासाठी मी तारेच्या तीन कड्या करून दिल्या: यातून गेलं तर इकडे, नाही गेलं तर तिकडे. पहिल्या दिवशी त्याने फार थोडे क्रेट भरले. तिसऱ्या दिवशी मालकांनी त्याचा एक क्रेट उलटा करून पाहिला, आकारात चूक नव्हती. त्याला ठेवून घेतलं.

मग बाजाराचा दिवस आला. सगळ्यांचा चुकारा झाला. हाही रांगेत उभा राहिला. याचे पैसे मात्र मालकांनी आदल्या दिवशीच वडिलांकडे दिले होते. “त्याले पैशातलं काय समजते?” रांग संपली, हा रिकाम्या हाताने घरी गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सगळे म्हणाले, या मुलांचं असंच असतं, कंटाळला. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी घरी गेले, विचारलं, का येत नाहीस? त्याला नीट बोलता येत नाही. त्याने तळहात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने त्यावर थापटलं. सव्वीस वर्षांत मला कोणी एवढं स्पष्ट उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून पैसे त्याच्या हातात, दहा-दहाच्या नोटांमध्ये. पहिल्या बाजारातून त्याने शेव आणली आणि मिठाचा पुडा आणला. आई दर बाजारी म्हणायची, मीठ आणायचं राहिलं. ते त्याने ऐकून ठेवलं होतं. उरलेले पैसे त्याने वडिलांना दिले नाहीत, स्वतःच्या खिशात ठेवले. मला त्याचाच जास्त आनंद झाला.

एका बचत गटाच्या ताईंनी मला विचारलं होतं, अशा मुलाच्या हातचे पापड लोक घेतील का? प्रश्न प्रामाणिक होता. त्यांना मी वरोऱ्याची आठवण करून दिली. तिथल्या आनंदवनात बाबा आमट्यांच्या कुष्ठरोगी सोबत्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला सुरुवातीला लोक धजत नव्हते. आज तिथल्या वस्तू लोक आवर्जून घेतात. कोणीतरी पहिली जुडी विकत घेतली असेलच ना!

पालकांची एक भीती मात्र खरी आहे. पोरगा कमावतो म्हटलं की संजय गांधी निराधारचं अनुदान जाईल का? योजनेला उत्पन्नाची अट आहे, म्हणून ही भीती हसण्यावारी नेऊ नका. तहसीलमध्ये जाऊन आधी नीट विचारा, हिशेब करा. कायदा मात्र बदलला आहे. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकरीच्या राखीव जागांमध्ये बौद्धिक दिव्यांग नव्हतेच. २०१६ च्या कायद्याने त्यांचं नाव यादीत घातलं. गावात सरकारी जागा किती येणार, ते तुम्हीही जाणता. पण ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांचा ५ टक्के वाटा गावातच आहे. त्यातून नुसतं वाटप करण्याऐवजी दोन मुलांना काम शिकवा, असं मी सरपंचताईंना सगळ्यांसमोर मागते आहे.

आणखी एक. पूर्वी ही मुलं फार जगत नसत. अमेरिकेत १९८० च्या सुमारास त्यांचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं, आता साठपर्यंत गेलं आहे. म्हणजे आई-बाप गेल्यावरही ती असणार आहेत. प्रत्येक माय मला एकच विचारते, “माह्या मागं याचं कसं होईन?” त्या वेळी गावाने त्याला काय म्हणून ओळखलेलं असेल, दारावर आलेलं देवाचं लेकरू की रोजंदारीवरचा माणूस, ते आत्ता ठरतं आहे.

पाडव्याच्या सुमारास आपल्याकडे सालगड्यांचे व्यवहार ठरतात. मालक आणि गडी समोरासमोर बसतात, साल किती, धान्य किती, बोलणं होतं. तसं या मुलांशीही समोर बसून बोला. आईबाप शेजारी असू द्या, पण तोंड त्याच्याकडे करा.

आता कार्यक्रम संपतो आहे आणि खुर्च्या उचलायच्या आहेत. मंडपवाल्या दादांना मी मघाशी विचारलं. त्यांच्या बाकीच्या पोरांना आज तीनशे रुपये मिळणार आहेत. दादा, तो तिकडे दाराशी उभा आहे. त्याचे तीनशे त्याच्या हातात द्या, सुटे असले तर बरं. मी थांबते.