नेवार्क ईगल्स, 1946

ही नेवार्कची विल्सन अव्हेन्यू. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना हा भाग अगदीच परका नाही. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायला आपण ज्या विमानतळावर जातो, तो इथून जवळच आहे. ट्रक येतायत, जातायत. थांबून बघावं असं इथे आता काही उरलेलं नाही.

या रस्त्यावर रूपर्ट स्टेडियम होतं, बेसबॉलचं. शेजारी कचऱ्याचा डेपो. वारा फिरला की जळत्या कचऱ्याचा धूर थेट मैदानात यायचा. स्टेडियम 1967 मध्ये पाडलं.

मैदान न्यूयॉर्क यँकीज या गोऱ्यांच्या मोठ्या संघाच्या मालकीचं. तिथे खेळायचा त्यांचा हाताखालचा संघ, नेवार्क बेअर्स. फक्त गोऱ्यांचा. बेअर्स परगावी गेले की मैदान रिकामं, आणि तेव्हाच ते भाड्यानं मिळायचं नेवार्क ईगल्सना. ईगल्स निग्रो नॅशनल लीगमधले, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या लीगमधले. लीगचं नावच तसं होतं. काळ्या खेळाडूला यँकीजचं दार बंद होतं, पण त्याचा खेळ बघायला आलेल्यांच्या तिकिटातून निघणारं भाडं यँकीजच्या तिजोरीत बिनदिक्कत जमा होत होतं.

आता ही कागदपत्रं बघा. नेवार्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ती जपून ठेवली आहेत. टाइप केलेली पत्रं, कार्बनच्या फिकट प्रती. सामने ठरवण्याची बोलणी, पगाराची घासाघीस, कुणाला हवी असलेली आगाऊ उचल. एक संघ चालवायचा म्हणजे रोज काय काय निस्तरावं लागतं, ते या कागदांत दिसतं.

हा सगळा व्यवहार बघायच्या एफा मॅन्ली. पैसा त्यांचे पती एब मॅन्ली यांचा. आपल्याकडच्या मटक्यासारखा तिथे आकड्यांचा धंदा चालायचा, त्यातून कमावलेला. 1935 मध्ये दोघांनी ब्रूकलिनमध्ये संघ उभा केला आणि पुढच्या वर्षी तो नेवार्कला आणला. एबना खेळाडू हेरण्याचा नाद होता. हिशेब, करार, जाहिरात, लीगच्या बैठकांतली भांडणं, हे सगळं एफाबाईंकडे. बैठकीला बाकी सगळे पुरुष. त्यांना हे रुचायचं नाही. एफाबाई बोलायच्या थांबल्या नाहीत.

त्यांचा पिंडच चळवळीचा. 1934 मध्ये हार्लेममधल्या एका मोठ्या दुकानावर बहिष्काराची मोहीम झाली. जिथे काळ्यांना नोकरी नाही, तिथे काळ्यांनी खरेदी करायची नाही. त्या मोहिमेत एफाबाई पुढे होत्या. 1939 मध्ये याच मैदानावर त्यांनी झुंडबळींच्या विरोधात दिवस पाळला. प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या मुलींच्या अंगावर 'झुंडबळी थांबवा' असं लिहिलेले पट्टे होते. त्यांच्या मैदानावर लोक सामना बघायला येत आणि त्याच्या जोडीनं असं काहीतरी घेऊन घरी जात. संघमालक म्हणून हे काम त्यांना वेगळं वाटत नव्हतं.

1946. युद्ध संपलं, पोरं परत आली.

हा माँटी आयर्विन, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. जवळच्याच ऑरेंज गावात वाढलेला. युरोपात लष्कराच्या बांधकाम तुकडीत होता. हा लॅरी डोबी, सेकंड बेस. पॅटरसनच्या शाळेतला हिरो, नौदलात गेला. जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला गोऱ्यांच्या संघानं घेतल्याची बातमी त्यानं पॅसिफिकमधल्या एका बेटावर रेडिओवर ऐकली. हा चष्मेवाला उंच गडी मॅक्स मॅनिंग, पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. आणि हा लिऑन डे, तोही पिचर. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आक्रमणानंतर काही दिवसांतच उतरला होता.

यांच्यात एक चेहरा नाही. डॉन न्यूकम. त्याला हंगामाआधीच गोऱ्यांच्या लीगमधल्या ब्रूकलिन डॉजर्सनी उचललं. ईगल्सना त्यांनी एक छदामही दिला नाही. डॉजर्सचा कारभार बघणारे ब्रँच रिकी यांचं म्हणणं असं की या लीगचे करार हे करारच नव्हेत. रॉबिन्सनलाही त्यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून असंच नेलं होतं. रंगभेदाची भिंत पडत होती, याचा आनंद एफाबाईंनाही होता. त्यांचा आग्रह एवढाच, की आमचा खेळाडू हवा तर त्याची किंमत द्या. गोऱ्या संघाकडून गोरा खेळाडू घेताना देता ना, तशी. हा आग्रह रास्त होता. आजही रास्त वाटतो.

5 मे. हंगामाचा पहिला दिवस, समोर फिलाडेल्फिया स्टार्स. लिऑन डेची फेक बघण्यासारखी. हात मागे नेणं नाही, पाय उंच उचलणं नाही. कानाजवळून चेंडू निघायचा, तो बॅटरला दिसेपर्यंत जवळ आलेला असायचा. दोन वर्षं लष्करात काढून आलेल्या या माणसानं त्या दिवशी स्टार्सना एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा एकही फटका, मिळू दिली नाही. ईगल्स 2-0.

मॅनेजर होते बिझ मॅकी, जुने जाणते कॅचर. लीगचे दोन टप्पे असत. ईगल्सनी दोन्ही जिंकले.

(निवेदन थांबतं. संघाचा फोटो, नुसता.)

सप्टेंबरमध्ये काळ्यांच्या दोन लीगांच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीज. समोर मोनार्क्स, आणि त्यांच्याकडे नामांकित पिचर सॅचेल पेज. पहिला सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, मोनार्क्स 2-1. दुसरा नेवार्कला. बॉक्सिंगचा जगज्जेता जो लुईस मैदानात आला आणि त्यानं चांदीचा चेंडू टाकून सामना सुरू केला. ईगल्स 7-4. मग कॅन्सस सिटी, मग शिकागो, आणि पुन्हा घरी. सहावा सामना 9-7 असा जिंकून ईगल्सनी बरोबरी साधली.

29 सप्टेंबर. सातवा, निर्णायक सामना. पिचर रूफस लुईस. सहाव्या डावात डोबी आणि आयर्विन दोघंही बेसवर, बॅटवर जॉनी डेव्हिस. डबल, म्हणजे बॅटरला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका. डोबी, आयर्विन दोघंही होम प्लेटवर, दोन धावा. ईगल्स 3-2.

(पुन्हा फक्त चित्र.)

पुढच्या जुलैत गोऱ्यांच्या लीगमधल्या क्लीव्हलँड संघाचे मालक बिल वीक यांनी डोबीसाठी दहा हजार डॉलर देऊ केले. गोरा असता तर लाख दिले असतेत, असं एफाबाईंनी त्यांना तोंडावर ऐकवलं आणि तो टिकला तर आणखी पाच हजार कबूल करून घेतले. चार जुलैला डोबी इथे शेवटचा खेळला, रात्रीच्या गाडीनं निघाला आणि पाच तारखेला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर क्लीव्हलँडच्या गणवेशात उतरला. आदल्या सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना तो ईगल्सकडून त्याच मैदानावर खेळला होता.

प्रेक्षक आता रॉबिन्सन आणि डोबीच्या मागे गेले, आणि 1948 च्या हंगामानंतर संघ विकला जाऊन ह्यूस्टनला गेला.

एफाबाईंचं नाव 2006 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये लागलं. तिथे नाव लागलेल्या त्या पहिल्या स्त्री. मॅन्ली दांपत्यानं नेवार्कचं घर सोडलं, तेव्हा ही पत्रं मात्र तिथेच मागे राहिली.