सावली मोजून घ्यायचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं आणि कोवळ्या उन्हात घेऊन बसायचं, ही आपल्याकडची घरोघरची पद्धत. गुडघे धरून चालणाऱ्या आजीलाही आपण सांगतो, "सकाळी आठच्या उन्हात बसत जा, डी व्हिटॅमिन मिळेल." सकाळच्या उन्हाची ऊब सुखाची असते. तो उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही वेळेवर लागते. पण ड जीवनसत्त्व त्या उन्हात जवळजवळ तयार होत नाही. वर्षानुवर्षं सकाळी नेमाने उन्हात बसणाऱ्या माणसाच्या रक्तात ते कमी निघतं, तेव्हा घरच्यांना नवल वाटतं. त्याचं कारण आज नीट समजून घेऊ.

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्याच्यावर सूर्याचे अतिनील-बी किरण पडले, की त्यातून ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. पुढे यकृतात त्याच्यावर एक प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी, आणि मग ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायच्या कामाला लागतं. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरण तिरपे येतात, हवेच्या जाड थरातून लांबचा प्रवास करतात, आणि वाटेत ओझोन हेच अतिनील-बी किरण शोषून घेतो. म्हणून सकाळी ऊन दिसतं, ऊब लागते, पण कामाचे किरण खाली पोचत नाहीत.

ते पोचतात की नाही, हे ओळखायला आपली सावलीच पुरते. सपाट जमिनीवर उभं राहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कामाचं. लांब असेल, तर ते उबेपुरतं.

पुण्याचं उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठ वाजता पाच फूट उंचीच्या बाईची सावली 25 फुटांच्या आसपास पडते. दुपारी साडेबाराला तीच साडेचार फुटांवर येते. म्हणजे त्या दिवसांत कामाचं ऊन साधारण साडेअकरा ते दीड, एवढंच. नागपूर आणखी उत्तरेला, तिथे भर दुपारीसुद्धा सावली जेमतेम उंचीएवढी होते. मे महिन्यात मात्र पुण्यात साडेनऊच्या आधीच सावली उंचीपेक्षा आखूड झालेली असते. त्यामुळे उन्हाळ्यात उष्माघाताच्या वेळेला बाहेर थांबायची काही गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात साडेनऊ-दहाचं ऊन, थंडीत बारा-साडेबाराचं.

आता किती वेळ? आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला रंग देणारं मेलॅनिन नावाचं द्रव्य हे किरण अडवतं, म्हणून गोऱ्या माणसासाठी सांगितलेली पाच-दहा मिनिटं आपल्याला पुरत नाहीत. दंड, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून 20 ते 30 मिनिटं, आठवड्यातून चार-पाच वेळा, हा बहुतेकांसाठी धरायचा अंदाज. नुसता चेहरा आणि पंजे उघडे असतील तर जास्त वेळ लागतो. चेहऱ्याला सनस्क्रीन लावलं किंवा डोक्यावर टोपी घातली तरी चालेल, हातपाय मोकळे ठेवा. कातडी चरचरायला लागायच्या आत सावलीत यायचं. जास्त वेळ बसल्याने जास्त ड मिळत नाही, कारण एका मर्यादेनंतर ऊनच ते मोडून टाकतं. मिळतं ते फक्त कातडीचं नुकसान. ज्यांना उन्हाने पुरळ उठतं किंवा उन्हात वाढणारा कातडीचा आजार आहे, त्यांनी या भानगडीत न पडता गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. सत्तरीपुढची कातडीही तरुणपणीसारखं ड बनवू शकत नाही.

फ्लॅटमधल्या लोकांची एक चूक सतत दिसते. गॅलरीला सरकत्या काचा लावलेल्या असतात आणि त्यांच्या आड खुर्ची टाकून ऊन घेतलं जातं. साधी खिडकीची काच अतिनील-बी किरण जवळपास सगळे अडवते. काच सरकवा किंवा गच्चीवर जा.

उन्हाचं आणि हाडांचं नातं पक्कं झालं ते 1919 साली, बर्लिनमध्ये. कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या, म्हणजे हाडं मऊ होऊन वाकलेल्या, मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले आणि क्ष-किरण चित्रांत हाडं भरून येताना पाहिली. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. किरण एकाच हातावर सोडले तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारत होती. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं.

आता बाळाकडे येऊ. आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी ड अगदी थोडं असतं. कोवळ्या बाळाला दुपारच्या उन्हात धरायचं नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मानंतर पहिल्या काही दिवसांपासून वर्षाचं होईपर्यंत रोज 400 युनिट ड चे थेंब द्यायला सांगतात. चूक होते ती इथे: बाजारात एका मिलीत 400 युनिट असलेली बाटली मिळते आणि 800 युनिटवालीही. पहिली संपली, दुकानदाराने दुसरी दिली आणि आपण ड्रॉपर पूर्वीसारखाच 1 मिलीच्या खुणेपर्यंत भरला, तर डोस दुप्पट झाला. नवी बाटली आली की लेबलावरचा 'प्रति मिली' आकडा वाचा. आणि बाळ पिवळं दिसत असेल तर उन्हात धरून वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या. काविळीचा उपचार तिथल्या निळ्या दिव्याखाली होतो.

मोठ्यांमध्ये ड खूप कमी पडलं की हाडं मऊ होतात. नडगीवर अंगठ्याने दाबलं तर कळ येते. मांडी घालून बसलेला माणूस उठताना गुडघ्यांवर हात टेकतो, जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढतो. याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासायचं तर '25 हायड्रॉक्सी' ही तपासणी. 20 नॅनोग्रॅमच्या खालचा आकडा सहसा कमी धरतात. पण काही त्रास नसलेल्या माणसाने दरवर्षी पॅकेजमध्ये ही तपासणी करावी, असं मला वाटत नाही. ड घेतलं की हृदयविकार आणि कॅन्सर टळतो, असंही ऐकायला मिळतं. अमेरिकेत 25,871 लोकांवर, रोज 2000 युनिट देऊन पाच वर्षांहून अधिक काळ अभ्यास झाला. त्यात या दोन्ही आजारांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

खाण्यातून बांगडा, तारली आणि अंड्याचा बलक एवढंच थोडंफार देतात. दुधाच्या पिशवीवर 'प्लस एफ' हे चिन्ह असेल तर त्यात ड घातलेलं असतं, लिटरला 200 ते 300 युनिट. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिटची. तेव्हा नुसत्या दुधावर भागत नाही. दूध, नाचणी, तीळ खायचे ते कॅल्शियमसाठी, कारण कॅल्शियमच पोटात गेलं नाही तर ड काय शोषणार?

सर्वांत जास्त काळजी वाटते ती 60,000 युनिटच्या पाकिटांची. ते औषध बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं लिहून दिलेलं असतं. बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, त्यांच्याबरोबर हेही रोज घेतलं जातं. आठवड्यात 4,20,000 युनिट होतात! हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, म्हाताऱ्या माणसात बरळणं, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. अशी लक्षणं दिसली तर पाकीट थांबवा आणि डॉक्टरांना सगळी पाकिटं नेऊन दाखवा.

घरात असं औषध चालू असेल तर आजच एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक वार ठरवून आठ आठवडे पेनाने गोल करा. त्या दिवशी जेवणानंतर किंवा दुधातून पाकीट घ्यायचं आणि गोलावर काट मारायची. आठवी काट पडली की पुढचं पाकीट आणायचं नाही, आधी डॉक्टरांकडे जायचं.

नमस्कार.