भाड्यानं दिलेलं घर आणि कपाटातली दुसरी किल्ली

सभागृहात येताना एका गृहस्थांनी मला थांबवून विचारलं, ‘घर माझं, कर्ज मी फेडलं, दुरुस्तीही मीच करतो. मग माझंच घर परत मागताना कारण का सांगायचं?’ नव्या भाडे कायद्यांची घरमालकांनी घेतलेली सगळी धास्ती या एका प्रश्नात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. असं विचारणाऱ्याला मी लोभी म्हणणार नाही. मीही घर भाड्यानं देते.

इंग्लंडचं बघा. तिथल्या १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यात कलम २१ होतं. ठरलेली मुदत संपली की घरमालकानं २ महिन्यांची नोटीस द्यायची आणि भाडेकरूनं निघायचं. कारण सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा झाला, त्यात हे कलम रद्द झालं आणि अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरली. पण कायदा नीट वाचला तर घर परत घेण्याची कारणं त्यात दिलेलीच आहेत. घर विकायचंय, स्वतः राहायला यायचंय, भाडं थकलंय, ही सगळी. विकायचं किंवा स्वतः राहायचं असेल तर नोटीस ४ महिन्यांची, आणि भाडेकरू आल्यापासून पहिलं वर्षभर ते कारण चालत नाही. विकतो म्हणून घर रिकामं करून घेतलं, तर पुढे १२ महिने ते पुन्हा भाड्यानं देता येत नाही. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१७ पासून नव्या भाडेकरारांना कारणाचीच अट आहे. जर्मनीत घरमालकाला नोटिशीत कारण लिहावं लागतं, आणि तिथे हे कुणाला नवीन वाटत नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं, की घर परत मिळतं. कारण खरं हवं आणि ते दाखवता यायला हवं. ज्याची मुलं जवळच्या शाळेत रुळली आहेत, त्याला ‘निघा’ एवढंच सांगून मोकळं होणं मला कधीच पटलं नाही.

याचा व्यवहारातला अर्थ काय? निर्णय आधी घ्यायचा. मुलगी वर्षभरात त्या घरात राहायला येणार असेल, किंवा पैशांची गरज पडून घर विकावं लागेल असं दिसत असेल, तर भाडेकरू शोधण्याआधी घरातल्यांशी बसून बोला. पूर्वी ‘बघू पुढचं पुढे’ म्हणून भागत होतं. आता तुमच्या घरगुती बेतांना कायद्याचं वेळापत्रक लागू होतं. भाड्यातून हप्ता फिटतो म्हणून घर घेतलं असेल, तर घर मोकळं व्हायला लागणारे महिने हिशेबात धरा. ते झेपत नसेल तर घर आत्ताच विकणं बरं. कुलूप लावून ठेवलेलं घर मालकालाही खातं आणि गरजूलाही मिळत नाही.

थकबाकीचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. इंग्लंडमध्ये थकबाकीवरून घर खात्रीनं परत मिळण्यासाठी पूर्वी २ महिन्यांचं भाडं थकलेलं लागायचं, ते नव्या कायद्यात ३ महिन्यांचं झालं. नोटीस २ आठवड्यांची होती, ती ४ आठवड्यांची झाली. आपल्यापैकी बरेच जण संकोचापोटी चार-पाच महिने काही बोलत नाहीत आणि मग एकदम वकिलाकडे जातात. असं करू नका. तारीख उलटली की दोन दिवसांत फोन करा. माणसाची नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, तर हप्ते बांधून द्या; पण जे ठरलं ते त्याच दिवशी मेसेजवर लिहून पाठवा. रोख भाडं घेत असाल तर पावती द्या. आलेली रक्कम, तारीख, बाकी, एवढे तीन रकाने असलेली वही पुरते.

भाडं वाढवतानाही तसंच. इंग्लंडच्या नव्या कायद्यात वाढ वर्षातून एकदाच, २ महिन्यांची नोटीस देऊन, आणि ती जास्त वाटली तर भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. भारताच्या केंद्र सरकारनं २०२१ मध्ये राज्यांपुढे आदर्श भाडे कायद्याचा नमुना ठेवला. राज्यानं तो स्वीकारला तरच तिथे लागू होतो. त्यात वाढ करारात लिहिल्याप्रमाणे होते, नाहीतर ३ महिने आधी लेखी कळवावं लागतं. भाडेकरू चांगला आहे म्हणून चार वर्षं भाडं न वाढवणारे आणि पाचव्या वर्षी एकदम मोठी रक्कम मागणारे मालक मी पाहिलेत. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्या एका पत्रानं चार वर्षांचा सलोखा गेला. दरवर्षी थोडी वाढ करा.

अनामत रकमेला बऱ्याच ठिकाणी मर्यादा आहे. जर्मनीत ३ महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, भारताच्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी २ महिन्यांची. माझा अनुभव ती परत देतानाचा आहे. एक भाडेकरू घर सोडून निघाला. न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर मला हातभर ओल दिसली, रंगाचे पोपडे सुटलेले. मी त्याच्या अनामतीतून रंगाचे पैसे कापले. त्यानं शांतपणे फोन काढला आणि राहायला आला त्या दिवशीचा फोटो दाखवला. तीच भिंत, तोच डाग, आकारानं थोडा लहान. गळती माझ्या पाइपची होती. मी त्याला चोर ठरवायला निघाले होते आणि माझ्याकडे त्या भिंतीचा एकही फोटो नव्हता. पैसे परत केले, माफी मागितली. तेव्हापासून किल्ल्या देताना आम्ही दोघं मिळून खोल्याखोल्यांतून फिरतो. नळ सोडून बघतो, खिडक्यांच्या कड्या लावून बघतो, मीटरचं रीडिंग टिपतो, फोटो दोघांच्या फोनवर जातात आणि यादीवर दोघांच्या सह्या होतात. तासभर जातो.

आता शेवटचं, आणि हे मला सांगायला जड जातं. भारताच्या त्या नमुना कायद्यात घरात जाण्याआधी २४ तास कळवण्याची अट आहे. ती वाचली तेव्हा मला एक दुपार आठवली. गीझरवाला आला होता, भाडेकरू बाई कामावर असतील असं धरून मी माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं. त्या घरीच होत्या. ओल्या केसांनी, अंगाभोवती टॉवेल धरून दाराआड सरकल्या. मी ‘सॉरी सॉरी’ म्हणत बाहेर आले. त्या नंतर काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी आतून जास्तीची कडी बसवून घेतली.

ती दुसरी किल्ली आता कपाटात एका पाकिटात चिकटवून ठेवली आहे. पाकीट फोडायचं तर वर तारीख, कारण आणि कुणाला कधी कळवलं ते लिहायचं. त्या पाकिटावर आजवर एकच नोंद आहे : पाण्याची टाकी वाहत होती, आणि त्यांनी स्वतःच फोन करून मला आत जायला सांगितलं.