भाडेकरूही वस्तीचाच

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या ले-आउटमध्ये नागरिक मंडळ आहे का? असेल, तर त्याच्या सभासदांची यादी एकदा काढून बघा. मला आज त्या यादीबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या नागपूरचा मोठा भाग ले-आउट पाडत वाढला. आधी प्लॉट विकले गेले, मग घरं झाली. रस्ता, नळ, गडरलाइन हे सगळं मागाहून, तेही भांडून मिळवावं लागलं. 2001 मध्ये गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीविना पाडलेल्या प्लॉटांचा कायदा आला, तेव्हा प्लॉट नियमित करून घ्यायला सुधार प्रन्यासाचे, म्हणजे शहराचा विकास बघणाऱ्या सरकारी संस्थेचे उंबरठे कितीतरी वस्त्यांनी झिजवले. त्या धावपळीतून मंडळं घट्ट झाली. एकट्याची तोंडी तक्रार हवेत विरते. मंडळाच्या लेटरहेडवरचा अर्ज, झोन ऑफिसात आवकचा शिक्का मारून घेतलेली त्याची दुसरी प्रत, आणि पंधरा दिवसांनी तीच प्रत टेबलावर ठेवून विचारलेलं "साहेब, याचं काय झालं?" याला उत्तर द्यावंच लागतं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होते. दार ठोठवायला नगरसेवक नव्हता, तेव्हा या शिक्क्याच्या कागदाचं मोल कळलं. धंतोलीचं नागरिक मंडळ तर दवाखान्यांच्या गर्दीचा आणि पार्किंगचा प्रश्न घेऊन थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं.

हे सगळं केलं ते मुख्यतः प्लॉटधारकांनी. त्यांचे उपकार आहेतच. पण आता बंगल्यांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, खालच्या खोल्यांत भाडेकरू आले, शिकायला आलेली मुलं आली. यादीत मात्र अजून जुनीच नावं, आणि तीही बहुतेक पुरुषांची.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी झोपेतल्या लोकांच्या घरात शिरलं. अशा वेळी पहिला फटका तळमजल्याला बसतो, आणि तिथे अनेकदा भाडेकरूच राहतो. कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, कुठे बाळंतीण आहे, हे बचाव पथकाला कोण सांगणार? शेजारीच. त्यासाठी ती माणसं आधी ओळखीची हवीत. केवळ वर्गणी मागायला त्यांची बेल वाजवणं मला तरी पटत नाही.

म्हणून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. भाडेकरूंना सभासद करून घ्या, त्यांना मतदानाचा हक्क द्या. मंडळाच्या घटनेत तशी तरतूद नसेल, तर सर्वसाधारण सभेत ठराव मांडून घटनादुरुस्तीचा प्रस्ताव धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठवा. कार्यकारिणीत बायकांना घ्या, आणि हळदीकुंकवापुरतं नको, खजिनदार करा. सभेची वेळही घरातल्या बायकांना विचारून ठरवा. पुढच्या सभेची सूचना फ्लॅट स्कीमच्या जिन्यात आणि मागच्या खोल्यांच्या दारांवरही लावा.

नमस्कार.